कुलर, छज्जा आणि रात्री दहाचं कुलूप

प्रश्न : आमचं घर इंदूरला रामबागेत आहे, सासऱ्यांनी १९७८ साली बांधलेलं. खाली मी एकटी राहते. पहिल्या मजल्यावर एक कुटुंब आहे, त्यांचा मुलगा चार वर्षांचा. दुसऱ्या मजल्यावर कोचिंगसाठी आलेल्या तीन मुली. गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना कुलरमध्ये पाणी भरताना करंट लागला. त्या मागे फेकल्या गेल्या, सुदैवाने फार लागलं नाही. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडून आत वायरचा छोटा तुकडा जोडला आणि "अर्थिंग करून दिलं" म्हणाला. माझा मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो की कुलर त्यांचा, तेव्हा खर्चही त्यांचाच. करारात "दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं लिहिलेलंच आहे. मागच्या गॅलरीवरच्या छज्जाचं प्लास्टर दोनदा पडलं, दोन्ही वेळा नवं करून घेतलं. मुलींना बाथरूममध्ये गॅस गीझर लावायचाय. रात्री दहाला जिन्याखालच्या चॅनल गेटला मी कुलूप लावते, मुलींच्या आईवडिलांचीच तशी इच्छा आहे. यात माझी जबाबदारी कुठवर आणि त्यांची कुठवर?
— एक घरमालकीण, इंदूर

उत्तर : ताई, जबाबदारीचं नंतर बोलू. आधी सॉकेटमधला तो वायरचा तुकडा आज काढून घ्या. उद्यावर टाकू नका.

तुमच्या वर्णनावरून इलेक्ट्रिशियनने सॉकेटचं वरचं मोठं भोक, म्हणजे अर्थचं, शेजारच्या न्यूट्रलला, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरीला, जोडलेलं दिसतं. जुन्या घरात खरी अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेली नसते, तेव्हा सर्रास हेच केलं जातं. यामुळे कुलरचा लोखंडी डबा न्यूट्रलला जोडला गेला. न्यूट्रल धड आहे तोवर काही जाणवत नाही, उलट आधीच्या झिणझिण्या बंद होतात आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण न्यूट्रलचा स्क्रू कुठे ढिला झाला किंवा वायर तुटली, की चालू पंख्यातून किंवा बल्बमधून आलेला प्रवाह परत जायला वाट शोधतो आणि कुलरचा अख्खा डबा २३० व्होल्टवर येतो. १९७८ च्या बोर्डात फेजबरोबर, म्हणजे प्रवाह आणणाऱ्या वायरीबरोबर, न्यूट्रललाही चिनीमातीचा किटकॅट फ्यूज असण्याची दाट शक्यता आहे. तो न्यूट्रलचा फ्यूज उडाला की नेमकं हेच घडतं : घरात अंधार, सगळ्यांना वाटतं लाइट गेली, आणि कुलरचा डबा मात्र जिवंत. खांबावर किंवा मीटरपाशी दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी तेच. तुकडा काढल्यावर तो सॉकेट खरी अर्थ येईपर्यंत बंद ठेवा, आणि कुलर दुसऱ्या कुठल्या सॉकेटला लावायचा असेल तर आधी तोही उघडून बघून घ्या.

मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कुलर त्यांचा, तेव्हा पंप, वायर, प्लग त्यांनी नीट ठेवायचे. करंट येण्याचं कारण बहुतेक वेळा कुलरच्या पोटात असतं. पंपाच्या वायरला मधे जोड असतो, त्यावर नुसती टेप गुंडाळलेली असते आणि तो जोड पाण्याच्या फवाऱ्यात येतो. बोरिंगचं पाणी जड असेल तर पंपावर पांढरा थर चढतो, पंप गरम होतो, आतलं इन्सुलेशन फुटतं. भरीला बाजारातल्या स्वस्त कुलरला दोनपिनी प्लग असतो, म्हणजे अर्थ असली तरी तिचा उपयोग शून्य. तेव्हा त्यांना सांगा : पंपाची वायर प्लगपर्यंत अखंड हवी, प्लग तीनपिनी हवा आणि त्याची हिरवी वायर कुलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली हवी. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. कारण जुन्या बोर्डात बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं आणि बंद केल्यावरही फेज आत राहतो. आणखी एक बघा. कुलरचं स्टँड खिडकीच्या ग्रिलला टेकलेलं आहे का? असेल तर कुलरमध्ये उतरलेला करंट ग्रिललाही येतो, आणि चार वर्षांचं मूल ग्रिल धरूनच बाहेर बघतं.

पण सॉकेटच्या आतलं, भिंतीतलं, बोर्डातलं आणि जमिनीत पुरलेलं सगळं तुमचं. भाडेकरू उद्या दुसरा कुलर आणेल, परवा जुनी इस्त्री आणेल. त्याची वस्तू बिघडणार हे गृहीत धरूनच घराची वायरिंग करायची असते. वस्तू बिघडली तरी माणूस वाचला पाहिजे, आणि ते काम दोन गोष्टी करतात : खरी अर्थिंग आणि आरसीसीबी.

आरसीसीबी, म्हणजे लोक ज्याला अजून ईएलसीबी म्हणतात ते, आणि एमसीबी यांत गल्लत होते. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या पुढे प्रवाह गेल्यावर पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी प्रवाह पुरतो. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सतत तोलत असतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या अंगातून जमिनीत निघाला, की सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. घरासाठी तीस मिलिअँपिअरचाच घ्या. दुकानात शंभर आणि तीनशेचेही मिळतात. ते आगीच्या बचावासाठी असतात, करंट लागलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

प्रत्येक मजल्याच्या सबमीटरनंतर एक स्वतंत्र, दोन पोलचा, चाळीस अँपिअर-तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, आयएसआय मार्क बघून. सगळ्या घराला मिळून एकच बसवला तर मुलींच्या इस्त्रीने तुमची लाइट जाईल आणि चार दिवसांत कुणीतरी वैतागून तो काढून टाकेल. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो, अशी तक्रार हमखास येते आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, "जुन्या वायरिंगला हे चालत नाही." ते खरं नाही. पडण्याचं कारण बहुधा एकच : दोन मजल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेले असतात, किंवा जिन्यातल्या दिव्याचा फेज एका मजल्याचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असतो. इन्व्हर्टर नंतर बसवला असेल तर तिथेही न्यूट्रल मिसळलेला सापडतो. हे जोड शोधून वेगळे करायचे. त्यात एक पूर्ण दिवस जातो, मजुरी लागते, आणि तेवढ्यासाठीच ते टाळलं जातं. तुम्ही टाळू देऊ नका. न्यूट्रल वेगळे करूनही पडत राहिला तर तो खरोखर गळती दाखवतोय असं समजा. गीझरची कॉइल आणि बाथरूमच्या ओल्या भिंतीतली वायर आधी तपासायची. आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा, पडलं पाहिजे. पडलं नाही तर तो बदला. भाडेकरूंनाही ते बटण दाखवून ठेवा.

अर्थिंगचा खड्डा घराबाहेर कुठे आहे ते शोधा. सापडला नाही तर नवा करा : चाळीस मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा गाडून त्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर झाकण असलेली चौकोनी कुंडी. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण मे महिन्यात कोरडी पडून पाइपापासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होतं. म्हणजे कुलर चालू असण्याच्या दिवसांतच. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत आठवड्यातून एकदा त्या कुंडीत बादलीभर पाणी घाला. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टरने मोजायला लावा. पाच ओहमच्या आत असेल तर घराला उत्तम. आणि मल्टिमीटरने प्रत्येक तीनपिनी सॉकेटमध्ये फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्या. पहिलं २३०च्या जवळपास, दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. दुसरं अगदी शून्य दिसलं तर खूश होऊ नका. तिथेही कुणी तसाच तुकडा जोडलेला असू शकतो, सॉकेट उघडून बघा.

वायरचं थोडक्यात. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, पॉवरच्या सॉकेटला अडीचची, गीझर आणि एसीला बोर्डापासून वेगळी चारची, सगळी तांब्याची. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवला की आधी प्लग पिवळा पडतो, मग सॉकेट वितळतो. १९७८ ची वायरिंग ॲल्युमिनियमची असेल, लाकडी पट्टीतून गेलेली असेल, तर डागडुजी करू नका, सगळी बदला. एकदम जमत नसेल तर आधी बाथरूम आणि स्वयंपाकघर. "एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा टाकला" असं कुणी केलंय का, तेही विचारा. दीडच्या वायरवर बत्तीसचा एमसीबी म्हणजे वायर पेटेल पण एमसीबी पडणार नाही.

आता छज्जा. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलात, पण आम्हाला सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटते.

छज्जा आणि बाहेर काढलेली गॅलरी एका बाजूने भिंतीत धरलेली आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असते. अशा स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. खालचं प्लास्टर पडलं की आपण खालून प्लास्टर करतो आणि खालूनच बघतो. खरी खूण वर असते. गॅलरीत किंवा गच्चीवर जाऊन, छज्जा भिंतीला मिळतो त्या रेषेत भेग आहे का बघा. तिथून पाणी आत जातं, वरच्या सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीट सोडवतो. त्या रेषेत भेग असेल किंवा छज्जाचं बाहेरचं टोक किंचित झुकलेलं दिसलं, तर तो कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येऊ शकतो. एकाच जागचं प्लास्टर दुसऱ्यांदा पडतं तेव्हा दोष प्लास्टरचा नसतो.

आज करायचं ते असं : त्या छज्जाखालचा भाग दोरी बांधून बंद करा, तिथे कपडे वाळत घालणं, गाडी लावणं बंद. छज्जावर कुंड्या, जुनं सामान, एसीचं बाहेरचं युनिट असेल तर ते उतरवा, पण उतरवायला छज्जावर चढू नका, खिडकीतून ओढून घ्या. दोन-तीन दिवसांत कंत्राटदाराकडून लोखंडी टेकू लावून घ्या. मग ठेकेदाराला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो हातोडीने ठोकून बघेल. भरीव आवाज चांगला, पोकळ आवाज म्हणजे आतलं काँक्रीट सुटलंय. सळ्या थोड्याच गंजल्या असतील तर सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून काढणं, तारेच्या ब्रशने गंज साफ करणं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला, हा क्रम. सळई निम्मी खाल्ली गेली असेल तर छज्जा पाडणंच शहाणपणाचं. पाऊस-उन्हासाठी हलका पत्र्याचा छज्जा लावता येतो. सळ्यांवर नुसतं सिमेंट थापणाऱ्याला परत पाठवा.

गच्चीवर टाकी कुठे ठेवली आहे तेही याच फेरीत बघून घ्या. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ती स्लॅबच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे हवी. घराच्या भिंतीला तिरप्या भेगा असतील तर त्या काळ्या मातीच्या आकुंचन-प्रसरणाने पडलेल्या असू शकतात. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यानंतरही काच अखंड राहिली तर भेग जुनी, थांबलेली आहे. फुटली तर पाया अजून हलतोय, आणि पायाजवळ पाइप गळतोय का हे आधी तपासायचं.

गेटच्या कुलपाबद्दल आम्ही ठाम आहोत. मुलींच्या पालकांची काळजी समजते, तुमचीही समजते. तुम्ही त्या मुलींना घरच्यासारखं सांभाळता हे पत्रातून दिसतं. पण ज्या कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या उशाखाली आहे, ते आगीच्या वेळी सापळा होतं. मे २०२२ मध्ये आपल्याच शहरात, स्वर्णबाग कॉलनीत, खाली उभ्या असलेल्या दुचाकीला कुणीतरी पेटवलं, आग आणि धूर जिन्यातून वर गेला आणि इमारतीत राहणारे सात जण दगावले. जिना हा धुराड्यासारखा असतो. खाली पेटलं की धूर सगळ्यात आधी तिथेच भरतो. म्हणून :

प्रत्येक खोलीला गेटची किल्ली द्या. मुलींच्या खोलीत तिघींना तीन. किंवा आतून किल्लीविना उघडणारं आणि बाहेरून किल्ली लागणारं लॅच बसवा. पालकांची चिंता बाहेरच्या माणसाबद्दल आहे, ती त्याने भागते. जिन्याखाली मीटरबोर्ड असेल तर त्याच्याखाली दुचाक्या, गॅसचा सिलिंडर, रद्दी, जुन्या गाद्या काही नको. मोकळी जागा ठेवा. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर ती रात्रभर जिन्याखाली एक्स्टेन्शन बोर्डावर चार्ज करू देऊ नका. तिच्यासाठी अंगणात, उघड्यावर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबीसह सोळा अँपिअरचा पॉइंट काढून द्या. नुसतं "नको" म्हटलं तर ते तुमच्या पाठीमागे होईल. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना बाहेर काढलेलं ग्रिल असेल तर त्यातल्या एकाला तरी आतून उघडणारं दार करून घ्या. जिन्यात चार किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक लावा, काटा हिरव्यात आहे ना ते दर महिन्याला बघा, आणि भाडेकरूंना पिन ओढून दाबायचं कसं ते एकदा दाखवा. गच्चीचं दारही रात्री बाहेरून किंवा किल्लीने बंद नको. खाली धूर असेल तर वर जायची तीच वाट.

गॅस गीझर बाथरूमच्या आत : नाही. इथे वाटाघाटीला जागा नाही. बंद बाथरूममध्ये बर्नर जळत राहिला की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि मदतीला हाक मारण्याआधी माणूस कोसळतो. दार आतून बंद असतं. छोटा झरोका किंवा पंखा असला तरी भरवसा ठेवू नका. गॅसचाच हवा असेल तर गीझर बाहेरच्या उघड्या गॅलरीत आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. त्यापेक्षा तुम्हीच विजेचा साठवणीचा गीझर बसवून द्या. त्याचा प्रेशर वाल्व्ह वर्षातून एकदा तपासायचा, कारण जड पाण्याच्या थराने तो अडकतो, आणि अडकलेल्या वाल्व्हचा गीझर फुटू शकतो.

स्वयंपाकघरात तुमचं काम म्हणजे ओटा सिलिंडरपेक्षा उंच आणि खिडकी उघडणारी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. सिलिंडर कपाटात असेल तर कपाटाच्या तळाशी झरोका हवा. नळी त्यांची, पण नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख तुम्ही भेटीत बघून घ्या, पाच वर्षांनी ती बदलायची. वास आला तर बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६. खालच्या हौदाचं झाकण जड आणि कुलूपबंद ठेवा, घरात लहान मूल आहे.

आता कागद. "दुरुस्ती भाडेकरूने करावी" हे कलम बल्ब, नळाची वॉशर, तुंबलेली जाळी यांच्यासाठी ठीक आहे. छज्जा आणि वायरिंग त्यात बसत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या नजरेने न दिसणारा गंभीर दोष सांगणं मालकावर बंधनकारक आहे, करारात उलट काही ठरलं नसेल तर. दोनदा पडलेल्या प्लास्टरवर नवं प्लास्टर करून पुढच्या भाडेकरूला काही न सांगणं हे त्याच्या अगदी जवळ जातं. त्याच कलमात असंही आहे की जी दुरुस्ती मालकाने करायलाच हवी ती कळवूनही वाजवी वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे भाडेकराराचं कलम दाखवून सुटका होत नाही.

पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात हे घाला : "इमारतीची रचना, छत, छज्जे, जिना, भिंतीतील वायरिंग, अर्थिंग, बोर्ड, पाण्याच्या टाक्या आणि भिंतीतील पाइप यांची देखभाल मालक करील. भाडेकरूने आणलेल्या उपकरणांची देखभाल भाडेकरू करील. करंट लागणे, गॅसचा वास, ठिणगी, छताचा किंवा छज्जाचा भाग पडणे याची तक्रार आल्यास मालक त्याच दिवशी तो भाग बंद करून काम सुरू करील. तक्रार व्हॉट्सॲपवर फोटोसह पाठवल्यास लेखी समजली जाईल. तपासणीसाठी मालक चोवीस तास आधी कळवून येईल." शेवटचं वाक्य मुलींसाठी महत्त्वाचं आहे. इलेक्ट्रिशियन त्यांच्या खोलीत जाणार असेल तेव्हा त्यांच्या वेळेने जा आणि तुम्ही स्वतः सोबत थांबा. झालेल्या प्रत्येक कामाचं बिल आणि आधीचा-नंतरचा फोटो एका वहीत लावून ठेवा.

मुलाला सांगा की आरसीसीबी, अर्थिंग आणि छज्जाचा खर्च भाड्यात चढवायचा नाही. कुलरचा पंप आणि तीनपिनी प्लग त्या कुटुंबाने घ्यावा, हे त्यांनाही मान्य होईल. तुमचा इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा तो प्लग बसवायची मजुरी मागू नका. सगळं एकदम होणार नसेल तर क्रम असा : आज तो तुकडा, किल्ल्या आणि छज्जाखालची दोरी, दोन-तीन दिवसांत टेकू आणि आरसीसीबी, पंधरा दिवसांत अर्थिंगचा खड्डा आणि छज्जाचा निकाल. पाऊस जूनच्या मध्याला येतो, ओल्या छज्जाचं काम त्याआधी संपलेलं हवं. बाकीच्या वायरिंगला दिवाळीपर्यंत वेळ घेतला तरी चालेल.